आत्याच्या ओव्या आणि स्कॉटलंडची बेटं
सध्या सेंट किल्डाचं वेड लागलंय, स्कॉटलंडच्या पश्चिमेला भर समुद्रातली बेटं, 29 ऑगस्ट 1930 ला उरलेली 36 माणसं स्वतःच सरकारला अर्ज करून कायमची निघाली. बेटं रिकामी होतात हो, पण तिकडच्या गेलिक भाषेतली गाणी उरली कारण 1951 पासून एडिनबर्ग विद्यापीठाची मंडळी टेप रेकॉर्डर घेऊन म्हाताऱ्यांसमोर बसायला लागली, आणि आता ते बरंचसं ऑनलाइन फुकट ऐकता येतं. लोकरीचं ओलं कापड टेबलावर आपटत बायका गायच्या ना, ती ऐकाच, अगदी आपल्या जात्यावरच्या ओव्या! आमच्या इंदुरात रामबागेतल्या आत्याला अशा कितीतरी पाठ आहेत, म्हटलं आता मोबाइलवर घेऊच, गाव-साल सगळं लिहून, तर म्हणते, "थांब रे, आधी कवळी लावू दे."