तुम्ही विचारलंत म्हणून : तिकडे खरंच कामगारांचं राज्य होतं का?

लग्नात, मयताला, एकदा तर रक्त तपासायच्या रांगेत हाच प्रश्न. "तुम्ही पूर्व जर्मनीत होतात ना? मग सांगा, खरंच कामगारांचं राज्य होतं का?" विचारणाऱ्याला काय ऐकायचंय ते त्याच्या तोंडाकडे बघूनच कळतं. जुना लाल बावटेवाला असला तर त्याला 'होतं' ऐकायचं असतं. त्याच्या मुलाला 'कसलं राज्य, तुरुंग होता तो' हे हवं असतं. चाळीस वर्षं मी दोघांनाही अर्धं अर्धं उत्तर देत आलो. आता ते ओझं झालंय.

मुंबईतल्या गिरणी संपाचं आणि गिरण्यांचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. माझे वडील साचाखात्यात, म्हणजे मागांवर होते. 18 जानेवारी 1982 ला घरी बसले ते परत गिरणीत गेलेच नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात, युनियनमधल्या एका जुन्या ओळखीतून, मला कार्ल-मार्क्स-श्टाटला मशीनकामाच्या प्रशिक्षणाची जागा मिळाली. दोन वर्षांची. आता त्या शहराचं नाव पुन्हा केमनिट्झ झालंय. तिथे भर रस्त्यावर मार्क्सचं सात मीटर उंचीचं नुसतं डोकं आहे, आणि मागच्या भिंतीवर चार भाषांत 'जगातल्या कामगारांनो, एक व्हा'. पहिल्या दिवशी मी त्याच्यासमोर उभा राहून रडलो. त्याची लाज मला आजही वाटत नाही.

कारण ऐका. वडील दहा वर्षं बदली कामगार होते. पहाटे गेटवर उभं राहायचं. नाव पुकारलं तर काम, नाही तर डबा तसाच घेऊन घरी. तिकडे कामावरून काढतील ही भीती मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नाही. कारखान्यात दवाखाना, बाळांसाठी पाळणाघर, दुपारी गरम जेवण. घर सांभाळणाऱ्या बायकांना महिन्यातून एक दिवस घरकामासाठी भरपगारी सुट्टी. छोटा पाव पाच फेनिगला; फेनिग म्हणजे तिकडचा पैसा, शंभरांचा एक मार्क. 'तुरुंग' म्हणणाऱ्यांनी एकदा त्या परत आलेल्या डब्याच्या बाजूनं याकडे बघावं.

आणि बाकीचंही खरंच आहे. सकाळी सहाला पाळी लागायची, पण महिन्याचे पहिले दहा दिवस कास्टिंगच, म्हणजे कापायचे ओतीव भागच, यायचे नाहीत. मशीन पुसायचं, पुसलेलं परत पुसायचं. शेवटच्या आठवड्यात माल धडाधड यायचा आणि रविवारीही उभं राहावं लागायचं. ठरवून दिलेल्या नॉर्मपेक्षा, म्हणजे कामाच्या कोट्यापेक्षा, कुणी फार पुढे जात नसे, कारण पुढे गेलं की नॉर्म वाढणार. ही अक्कल मला लालबागेतूनच मिळालेली होती. दुकानाबाहेर रांग दिसली की बायका आधी उभ्या राहत, काय आलंय ते मग विचारत. सव्वाशे ग्रॅम कॉफीचं पाकीट पावणेनऊ मार्कांना होतं. हा आकडा लक्षात ठेवा.

मला मिलिंग, म्हणजे मशीनवर धातू कापायचं काम, शिकवणारा माणूस पन्नाशीचा होता. मी मनातल्या मनात त्याला उस्ताद म्हणायचो. फार बोलायचा नाही. पोलादाची चीप, म्हणजे कापताना निघणारा कीस, निळी पडून उडायला लागली की माझं मनगट धरायचा आणि माझ्याच हातानं वेग कमी करायला लावायचा. "रंग बघ," एवढंच. आजही कुठे मशीन चालू दिसलं की माझी नजर आधी चीपकडे जाते.

1983 च्या फेब्रुवारीत खाणावळीत सभा झाली. मुंबईच्या संपावर मी बोलावं असं ठरलं होतं. मोडक्या जर्मनमध्ये मी वडिलांचं सांगितलं, गहाण पडलेल्या भांड्यांचं सांगितलं. टाळ्या झाल्या. मग मी अगदी सरळ मनानं विचारलं, "तुमचा शेवटचा संप कधी झाला?"

कुणी बोललं नाही. एक बाई चमचा पुसत राहिली. शेवटी मायस्टर, म्हणजे आमच्या खात्याचे मुकादम, म्हणाले, "कारखाना आपलाच आहे. संप करायचा कुणाविरुद्ध?" मला ते पटलं. खरंच पटलं.

दोन दिवसांनी दुसऱ्या पाळीत, मशीन चालू असताना, उस्ताद माझ्या कानाशी वाकला. म्हणाला, 1953. जून. सरकारनं नॉर्म दहा टक्क्यांनी वाढवला होता. बर्लिनमध्ये बांधकामवाले उतरले, दुसऱ्या दिवशी सगळीकडे. मी लाइपझिगला होतो, वीस वर्षांचा. मग रशियन रणगाडे आले. माझ्यापुढे पळणारा पोरगा पडला. एवढं बोलून त्यानं चीप झाडली आणि पुढचा तुकडा पकडीत बसवला.

पुढच्या महिन्यात मला ऑफिसात बोलावलं. नवाच गृहस्थ होता, सुसंस्कृत, हळू बोलणारा. त्यानं कॉफी दिली. खरी, दाट. घरची चौकशी केली, वडिलांची केली, प्रशिक्षण वाढवून हवंय का विचारलं. मग म्हणाला, "तुमच्या खात्यातले लोक तुम्हाला समजून घेतात ना?" मी म्हटलं, "उस्ताद तर फारच. त्यांनी स्वतः संप केलाय, लाइपझिगला." अभिमानानं म्हटलं. माझ्या माणसाची बाजू उजळ करावी म्हणून म्हटलं. त्यानं काही लिहून घेतलं नाही. कपात आणखी कॉफी ओतली.

तीन आठवड्यांनी उस्ताद मशीनवर नव्हता. बाहेर यार्डात कास्टिंग मोजत होता. पाठीमुळे बदली झाली असं सगळे म्हणाले. पाठ दुखायची त्याची, मी पाहिलं होतं. म्हणजे तेही कारण असू शकतं.

मी बावीस वर्षांचा होतो. मला कुणी सांगितलं नव्हतं. भाषा नीट येत नव्हती. ही तीन वाक्यं मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवली आहेत. पण मग त्या संध्याकाळी ट्राममध्ये बसून मी काय काय बोललो ते पुन्हा पुन्हा आठवत का होतो? कॉफीबद्दल उस्तादला का सांगितलं नाही? काही कळलंच नव्हतं, तर लपवलं काय? आणि माझं प्रशिक्षण खरंच एक वर्षानं वाढलं. त्या वर्षाचे पैसे मी घरी पाठवले, त्यातून भांडी सुटली. उस्ताद यार्डातून जाताना मला रोज हात करायचा, अगदी पहिल्यासारखा. त्याला माहीत होतं की नव्हतं?

तिकडच्या गुप्त पोलिसांनी, श्टाझीनं, त्या काळात ठेवलेली स्वतःबद्दलची फाइल 1992 पासून मागता येते. अर्ज मी आणलाय. भरलेला नाही. मुलगी म्हणते, बाबा, एकदाचं बघून टाका. बघून काय होणार ते तिला सांगता येत नाही आणि मलाही.

हा प्रश्न मला सगळ्यात आधी वडिलांनीच विचारला होता. 1985 मध्ये परत आलो त्या रात्री. गॅलरीत चटई टाकून दोघं पडलो होतो. "तिकडे कामगार साहेबाला घाबरतो का रे?"

"नाही," मी म्हटलं. साहेबाला खरंच कुणी घाबरत नव्हतं.

"मग झालं," म्हणाले, आणि कुशीवर वळले. थोड्या वेळानं त्यांना झोप लागली.