हार्ड डिस्क खरंच किती वेगाने भरते: माझा अनुभव

बाहेरून जोडायच्या डिस्कच्या खोक्यावर छापलेलं असतं, सेकंदाला ५ गिगाबिट. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून ८ ने भागलं की ६२५ एमबी. या हिशेबाने आमचे ४०० जीबीचे व्हिडिओ पावणेअकरा मिनिटांत बाहेरच्या डिस्कवर जायला हवेत. जातात जवळजवळ दोन तासांत, आणि चादरी-टॉवेलांच्या डिझाइनच्या फाइलींचा वेळ वेगळाच. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या ऑफिसात बॅकअप किती वाजता लावायचा हे ठरवायचं, तर खोक्यावरचा आकडा कामाचा नाही.

५ गिगाबिट हा यूएसबी ३ चा वेग, डिस्कचा नव्हे. तोही पूर्ण मिळत नाही: दर ८ बिटांसाठी तारेतून १० बिट जातात, म्हणजे ५०० एमबीच उरतात. आणि मिनिटाला ५४०० फेरे घेणारी अडीच इंची डिस्क सलग लिहिताना १०० ते १३० एमबीच्या वर सहसा जात नाही.

मोजायला दोन संच केले. पहिला ४० जीबीचा, १२ मोठे व्हिडिओ. दुसरा ३.६ जीबीचा, पण त्यात जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या, डिझाइनच्या २४,००० बीएमपी चित्रफाइली, सरासरी १५० केबीची एक. पहिला संच ४० जीबीचाच का, तर कॉम्प्युटरची रॅम १६ जीबी आहे आणि चाचणीची फाइल रॅमच्या निदान दुप्पट हवी. आधी २ जीबीची फाइल डिस्कवर टाकून लगेच परत ओढली, तर वेग ५०० एमबीच्या आसपास दिसला. तो डिस्कचा नव्हताच. फाइल रॅममध्येच पडून होती, तिथूनच मिळाली. म्हणून वाचण्याचा वेग मोजण्याआधी डिस्क 'सेफली रिमूव्ह' करून पुन्हा जोडायची. ज्या डिस्कवरून कॉपी करायची ती एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क हवी, नाहीतर दोन्हींतली मंद कोणती तेवढंच कळतं.

कॉपीच्या खिडकीतल्या आकड्यावर मी विसंबत नाही. विंडोजचीच रोबोकॉपी ही कॉपीची कमांड वापरली, 'ई' आणि 'जे' हे स्विच, म्हणजे पर्याय, लावून. 'ई'मुळे आतले सगळे फोल्डर येतात. 'जे'मुळे विंडोजची कॅशे, म्हणजे रॅममधला तात्पुरता साठा, बाजूला राहते, मोठ्या फाइलींना तेच बरं. शेवटी ती सेकंदाला किती बाइट गेले ते छापते. त्याला १० लाखांनी भागायचं. खिडकीतलं एमबी १०,४८,५७६ बाइटांचं असतं, त्यामुळे माझे १०४ तिथे ९९ दिसतात. यात डिस्कचा दोष नाही, मोजमाप वेगळं आहे.

पहिल्याच फेरीत ३८ एमबी आले. आकडा तिशी-चाळिशीत अडकला की यूएसबी २ चा संशय घ्यायचा. लिनक्सची पेनड्राइव्ह लावून 'एलएसयूएसबी' हायफन 'टी' ही जोडणीचा वेग दाखवणारी कमांड चालवली, तर डिस्कसमोर ५००० मेगाबिटांऐवजी ४८०, म्हणजे यूएसबी २ च. अशा डिस्कच्या टोकाला रुंद, दोन भागांचा प्लग असतो. मोठा भाग जुन्या मोबाइलच्या चार्जिंग केबलसारखाच, बाजूच्या छोट्या भागात जादा ५ पिना. आमच्या सॉकेटच्या त्या कोपऱ्यात टॉवेलचे बारीक तंतू दाबून बसले होते, प्लग किंचित तिरका राहत होता. मोठा भाग लागत होता, त्यामुळे डिस्क विनातक्रार चालायची, फक्त मुंगीच्या पावलांनी. डिस्क काढून लाकडी टूथपिकने सॉकेट साफ केलं, प्लग शेवटपर्यंत दाबला. तोच संच ६ मिनिटं २५ सेकंदांत गेला: १०४ एमबी.

मग डिझाइनचा संच. ३.६ जीबीला ९ मिनिटं २० सेकंद, म्हणजे ६.४ एमबी! डिस्क बिघडलेली नाही. ५४०० फेऱ्यांना एक फेरा ११ मिलिसेकंदांचा, त्यात अर्ध्या फेऱ्याची वाट आणि हेड, म्हणजे लिहिणारं टोक, सरकायला आणखी दहा-पंधरा. प्रत्येक फाइलसाठी डेटा एकीकडे, नावाची नोंद दुसरीकडे, शिवाय अँटिव्हायरस मध्ये डोकावतो. सेकंदाला ४३ फाइली झाल्या, हाच इथला खरा आकडा. एमबी मोजण्यात अर्थ नाही. आमच्याकडे अशा ३ लाख फाइली आहेत, त्यांना जवळपास दोन तास. त्याच फाइली एसएसडीवर कॉम्प्रेशन न करता एका झिपमध्ये बांधल्या, तर ४५ जीबीची ती झिप लिहायला सात-साडेसात मिनिटं पुरतात.

एवढ्यावर थांबलो असतो तर पुन्हा फसलो असतो. ४० जीबीचे दहा संच एकामागून एक टाकायला घेतले. पहिले पाच साडेसहा मिनिटांच्या आसपास, सहावा १७ मिनिटं. ही डिस्क एसएमआर पद्धतीची निघाली: तिच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या, त्यामुळे एक बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. आधी ती राखीव जागेत भराभर लिहिते, ती जागा भरली की वेग कोसळतो. वीज चालू ठेवून अर्धा तास नुसती सोडली, तर सातवा संच पुन्हा सात मिनिटांत गेला.

आणखी एक. रिकाम्या डिस्कवर मोजलेला वेग भरल्यावर टिकत नाही. लिहिणं बाहेरच्या रुंद कडेपासून सुरू होतं, आत जाता जाता फेरा तेवढाच पण पट्टी आखूड. एचडी ट्यून या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामच्या आलेखात आमची डिस्क १२५ वरून ६० वर उतरते. ही उतरण गुळगुळीत असते. मध्येच खोल खड्डे दिसले, तर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ५ (खराब म्हणून बदललेले सेक्टर) आणि १९७ (वाचता न येणारे, संशयित सेक्टर; तिथे 'सी५' असं दिसतं) क्रमांकाच्या नोंदी बघायच्या. १९७ शून्याच्या वर गेली की चाचण्या थांबवून आधी डेटा काढून घ्यायचा.

आता पाच वाजता झिप बांधायला लावतो, ती आधी जाते. मग २०० जीबी व्हिडिओ, अर्धा तास विश्रांती, उरलेले २०० जीबी. डिस्कचा दिवा लुकलुकायचा थांबला की 'सेफली रिमूव्ह'. सव्वासातला कुलूप लागतं.