तुमचं डिस्नी कधी उघडणार?

(हे लिहितेय नोव्हेंबर २०२० मधे, कोरोनाच्या दिवसांत.) शनिवारी रात्री जेवणं आवरली की मी आईला फोन लावते, तेव्हा डोंबिवलीत रविवारची सकाळ झालेली असते, तिचा दुसरा चहा चालू असतो. तब्येत, कामवाली यायला लागली का, वरच्या मजल्यावरच्यांचे रिपोर्ट काय आले वगैरे झालं की ठरलेला प्रश्न येतो, "काय गं, उघडलं का तुमचं डिस्नी?" तुमचं म्हणजे जणू काही सातबाऱ्यावर आमचंच नाव आहे!

पण तसं तिचंही चुकत नाही म्हणा. आम्ही कॅलिफोर्नियात अनाहाइमला राहतो, डिस्नीलँड घरापासून जेमतेम दीड मैल. वीकेंडला आणि उन्हाळ्यात तर रोजच रात्री साडेनऊला फटाके वाजायचे आणि तो आमच्या लेकीचा झोपायचा अलार्म होता, धडाम झालं की दात घासायला पळायचं. दर मे महिन्यात कोणी ना कोणी पाहुणे यायचे, मामेभाऊ, नवऱ्याच्या मित्राचे आईवडील, त्यांना घेऊन जायचं, बाहेरचं खाणं आत न्यायला परवानगी असते म्हणून ठेपल्यांचे डबे भरायचे (एक पाण्याची बाटली घ्यायला गेलं तरी आत कळवळायला होतं). आतापर्यंत साताठ वेळा तरी झालं असेल. कुठल्या राइडला आधी पळायचं आणि कुठलं बाथरूम रिकामं असतं हे मला पाठ आहे.

एप्रिलमधे आई येणार होती. व्हिसा झालेला, तिकीट काढलेलं, आणि तिने फोनवर जाहीर केलेलं की यावेळी मी पण पाळण्यात बसणार. हे का मोठं ते सांगते. आम्ही लहान असताना गोराईला एस्सेलवर्ल्डला गेलो होतो, लाँचमधून, उन्हात, आणि आई दिवसभर एका झाडाखाली आमच्या पिशव्या आणि चपला सांभाळत बसली होती. कशातही बसली नाही. तिकिटाचे पैसे मात्र पूर्ण दिलेले, हे ती अजून ऐकवते.

तर इकडे १२ मार्चला बातमी आली की शनिवार १४ मार्चपासून पार्क बंद, महिनाअखेरपर्यंत. आम्ही म्हटलं दोन आठवड्यांचा प्रश्न आहे, आई यायच्या आत उघडेल. हसू नका. तेव्हा सगळेच असं बोलत होते. आणि बंद होणं म्हणजे काय याची इथल्या लोकांना सवयच नव्हती, १९५५ साली पार्क सुरू झालं तेव्हापासून असं अचानक बंद राहिल्याचे दिवस बोटांवर मोजण्याइतके, केनेडींच्या हत्येनंतर एक दिवस, १९९४ च्या भूकंपाच्या वेळी, आणि २००१ मधे ११ सप्टेंबरला. दुसऱ्या दिवशी परत सुरू. आता आठ महिने होऊन गेलेत.

मधे एकदा तारीख मिळाली होती. जूनमधे डिस्नीने सांगितलं १७ जुलैला उघडतो, पार्कचा ६५ वा वाढदिवस. मी लगेच आईला सांगितलं, आईने अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं, आणि दोन आठवड्यात कंपनीने तारीख मागे घेतली कारण राज्य सरकारचे नियमच तयार नव्हते. तेव्हापासून मी आईला तारखा सांगत नाही, रंग सांगते.

रंगांचं प्रकरण असं. कॅलिफोर्नियाने ऑगस्टअखेरीस सगळ्या काउंट्यांना, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्यांना, चार रंग वाटून दिले. सगळ्यात वाईट जांभळा, मग लाल, मग केशरी आणि सगळ्यात बरा पिवळा. रंग ठरतो दर लाख माणसांमागे दिवसाला किती नवे पेशंट सापडतात त्यावर आणि टेस्ट केलेल्यांपैकी किती पॉझिटिव्ह निघतात त्यावर. सातच्या वर गेलं की जांभळा, एकच्या खाली आलं की पिवळा. आणि २० ऑक्टोबरला सरकारने शेवटी थीम पार्कचे नियम काढले त्यात म्हटलंय की मोठी पार्क फक्त पिवळ्या जिल्ह्यात उघडायची, ती पण २५ टक्के गर्दीवर. आमच्या ऑरेंज काउंटीत ३२ लाखाच्या आसपास लोक आहेत, म्हणजे हिशोब करा, अख्ख्या जिल्ह्यात दिवसाला ३२ सुद्धा नवे पेशंट निघता कामा नयेत. सध्या शेकड्यांनी निघतायत.

हे ऐकून आई म्हणाली, "ऑरेंज जिल्हा आणि रंग जांभळा? कोणी बसवलं गं हे?" आता काय सांगणार! डिस्नीलँडची जागा पण मुळात संत्र्यांच्या बागाच होत्या, १६० एकर, आणि जिल्ह्याला नावही संत्र्यांवरूनच पडलेलं. सप्टेंबरमधे आम्ही जांभळ्यातून लालमधे आलो होतो, जरा जीव भांड्यात पडला होता, आणि आत्ता दिवाळीत, लक्ष्मीपूजन १४ तारखेला झालं आणि १६ तारखेला गव्हर्नर न्यूसमनी इमर्जन्सी ब्रेक मारला, परत जांभळा. वरची पायरी चढायची तर आहे त्या रंगात किमान तीन आठवडे काढावे लागतात आणि त्यात सलग दोन आठवडे पुढच्या रंगाचे आकडे यावे लागतात, म्हणजे आजपासून सगळं सुरळीत झालं तरी जांभळा-लाल-केशरी-पिवळा करत नऊ आठवडे कुठे गेले नाहीत. आणि सुरळीत कसं होणार, पुढच्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, मग ख्रिसमस.

"मग ते फ्लोरिडाचं कसं उघडलं?" हा पुढचा प्रश्न, आणि हा फक्त आईचा नाही, इथे सगळ्यांचा आहे. कंपनी तीच, उंदीर तोच, पण फ्लोरिडातलं डिस्नी ११ जुलैला उघडलं, आणि त्याच वीकेंडला त्या राज्यात एका दिवसात १५,००० च्या वर नवे पेशंट निघाले होते! तिथल्या सरकारने हो म्हटलं, आमच्या सरकारने नाही म्हटलं, एवढंच. शांघायचं तर मे मधेच उघडलं, टोकियोचं १ जुलैला. पण हाँगकाँगचं जूनमधे उघडलं, जुलैत बंद केलं, सप्टेंबरअखेर परत उघडलं. पॅरिसचं जुलैत उघडलं आणि ऑक्टोबरअखेर पुन्हा कुलूप. म्हणून मला वाटतं कधी उघडणार यापेक्षा उघडल्यावर किती दिवस उघडं राहणार हे आधी विचारायला पाहिजे, विशेषतः चौदा हजार किलोमीटरवरून अडुसष्ट वर्षांच्या बाईला आणायचं असेल तर. जपानमधे तर रोलर कोस्टरवर ओरडू नका असा नियम काढलाय, तोंडातून थुंकी उडते म्हणून. फुजी-क्यू नावाच्या एका पार्कने व्हिडिओ काढून लोकांना सांगितलं, मनातल्या मनात किंचाळा. हे मात्र आईला फार पटलं. "मी आयुष्यभर तेच केलंय," म्हणाली.

आमच्या शेजारच्या बाई मेक्सिकोच्या आहेत, हार्बर बुलेव्हार्डवरच्या एका मोटेलमधे साफसफाईचं काम करायच्या, बारा वर्षं. एप्रिलमधे सुट्टीवर घातलं, ऑगस्टमधे बोलावणारच नाही म्हणून कळवलं, मेसेज पाठवून. पार्क बंद म्हणजे फक्त मिकी घरी बसला असं नसतं, त्या रस्त्यावरची सगळी हॉटेलं, टॅक्सीवाले, टोप्या विकणारे, सगळे बसले, आणि शहराचं सगळ्यात मोठं उत्पन्न हॉटेल टॅक्सचं, ते पण आटलं. सप्टेंबरअखेर डिस्नीने अमेरिकेत २८,००० लोक कमी करायचं जाहीर केलं, त्यातले बहुतेक पार्टटाइम. आता या बाई घरी तमाले करून विकतात, आमच्याकडे दर शुक्रवारी एक डझन येतात, मक्याच्या पानात गुंडाळलेले, आणि मी त्यांना दिवाळीत चकल्या दिल्या तर त्यांनी विचारलं यात मिरची कमी का.

त्यामुळे मला ठाम बाजू घेता येत नाही. सरकारचं चूक आहे असं म्हणवत नाही, माझ्या ओळखीतले दोन जण हॉस्पिटलमधे जाऊन आलेत. पण जांभळ्या रंगातही मॉल २५ टक्क्यांवर चालू आहेत, बंद छताखाली, आणि उघड्यावरचं पार्क बंद, हे कोणी नीट समजावून सांगत नाही. डिस्नीचे चेअरमन बॉब आयगर ऑक्टोबरमधे गव्हर्नरांच्या समितीतून बाहेर पडले ते काही उगाच नाही.

परवा गुरुवारी डिस्नीने पळवाट काढली. बाजारपेठेचा भाग, डाउनटाउन डिस्नी, जुलैपासून चालूच होता, त्यालाच जोडून शेजारच्या कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर पार्कमधली पहिली गल्ली उघडली, फक्त दुकानं आणि बाहेर बसून खाणं, राइड एकही नाही. आज सकाळी आम्ही गेलो. मास्क, कपाळाला थर्मामीटर, रांग. लेक आठ महिन्यांनी त्या गेटमधून आत शिरली, ख्रिसमसची सजावट बघितली, आणि गल्ली संपते तिथे अडसर लावलाय तिथपर्यंत जाऊन उभी राहिली. पलीकडे कोणी नव्हतं. मग तिने विचारलं की आत कोणीच नसेल तर बदकांना कोण खायला देतं. मला उत्तर माहीत नव्हतं. प्रेट्झेल घेतला आणि घरी आलो.

माझा अंदाज विचाराल तर उन्हाळ्याआधी नाही. लशीच्या बातम्या चांगल्या येतायत, फायझरचा अर्ज कालच गेला म्हणे, पण सगळ्यांच्या दंडात सुई जाईपर्यंत वसंत संपेल. लवकर उघडलंच तर एकाच कारणाने, पिवळ्याची अट सरकारनेच सैल केली तर, आणि तसं होईल असं मला आतून वाटतं, कारण पिवळा होऊन कोणी उघडेल हे खरंच दिसत नाही.

हे सगळं आत्ता फोनवर आईला सांगितलं. गेल्या वर्षीच्या दिवाळीत आणलेल्या कालनिर्णयवर तिने एप्रिलच्या चौकटीत 'अमेरिका' असं निळ्या पेनने लिहिलं होतं, ते तसंच आहे. आता २०२१ चं आणलंय, समोर भिंतीवर लावायला घेतलं होतं. म्हणाली, "मग कुठल्या महिन्यात लिहू?"

मी म्हटलं जुलैत लिही, पण पेन्सिलने.

"पेन्सिल कुठून आणू आता? तुम्ही शाळेत होतात तेव्हा असायच्या घरात."