नादारीचा अर्ज चालवणारा वकील शोधताना

इचलकरंजीत माझे यंत्रमाग होते, धंदा एकट्याच्या नावावर. कापडाची उधारी अडकली, सूत व्यापाऱ्याने वसुलीचा दावा जिंकला आणि दरखास्तीत, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीत, जप्तीचा हुकूम निघाला. मग मी दिवाळखोरीची, म्हणजे कायद्याच्या भाषेत नादारीची, कामं करणारा वकील शोधायला लागलो.

मोठ्या शहरातली मंडळी फोनवर एकच सांगत: 2016 ची दिवाळखोरी संहिता आणि एनसीएलटी, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण. पण त्या संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांना लागू झालाय. माझ्यासारख्याला अजून 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच लागतो आणि अर्ज जिल्हा न्यायालयात करावा लागतो. हे समजल्यावर प्रत्येक वकिलाला मी पहिला प्रश्न हाच विचारू लागलो, "साहेब, माझं प्रकरण कोणत्या कायद्यात बसतं?" बरेच जण तिथेच अडखळले. कर्ज मिटवून देतो म्हणणारे आणि आधी पैसे भरा म्हणणारेही भेटले. त्यांच्यापासून लांबच राहावं. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, त्यामुळे चांगला माणूस जाहिरातीत सापडत नाही.

मला उपयोग झाला तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळाचा. तिथे जिल्हा निवडून कायद्याच्या नावाने खटले शोधता येतात. आमच्या जिल्ह्यात नादारीची प्रकरणं थोडीच होती, पण त्यांतून वकिलांची नावं मिळाली. कोर्टातल्या ओळखीच्या कारकुनाने त्यातलंच एक नाव सांगितलं आणि मी कोल्हापूर गाठलं.

त्या वकीलसाहेबांनी फीचा विषय काढायच्या आधी कागद पुढे ओढला. कोणाचं किती देणं, त्यांचा पत्ता काय, गहाण काय, सगळं लिहून घेतलं. नातेवाइकांची हातउसनीसुद्धा. मग विचारलं, "गेल्या दोन वर्षांत घर, जमीन, काही बायको-भावाच्या नावावर केलंय का? केलं असेल तर आत्ताच सांगा, कोर्ट ते रद्द करू शकतं." काही केलेलं नव्हतं. बँकेकडे तारण असलेले माग सुटणार नाहीत, सरकारी देणंही माफ होणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. बायकोने मंगळसूत्राचं विचारलं. "वहिनी, स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे कपडे आणि मंगळसूत्र जप्तीत जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 आहे." त्या वाक्यानंतर ती पहिल्यांदा नीट बसली.

फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाची अट असते.

माझं वकीलपत्र दाखल झालंय, धनकोंना, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांना, नोटिसा निघाल्यात. सूत व्यापारी हरकत घेणार, हे साहेबांनी आधीच सांगून ठेवलंय, म्हणून सध्या हिशेबाच्या जुन्या वह्या तारखेप्रमाणे लावतोय.