बेटवाल्यांचा जंतू

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि गेल्या गणपतीत आरती आणि प्रसादाच्या मधल्या पाच मिनिटांत पुन्हा विचारलंत म्हणून, एकदाच लिहून टाकते. प्रश्न नेहमीचाच. "तू एवढी वर्षं ऑकलंडच्या लॅबमध्ये आहेस, मग सांग ना, हा एमआरएसए त्या सामोअन-टोंगन लोकांतच एवढा का? राहणीच तशी ना त्यांची?"

एमआरएसए म्हणजे मेथिसिलिन आणि त्याच्या जातीच्या अँटिबायोटिकांना दाद न देणारा स्टॅफ, त्वचेवर फोडं आणणारा जंतू. आकडा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्या घरांतल्या मुलांना त्वचेचे संसर्ग जास्त होतात, हे खरं आहे. चिडते मी 'राहणी' या शब्दावर. ओल आलेलं भाड्याचं घर, तीन खोल्या, नऊ माणसं, एका गादीवर चार पोरं. आपण सांगलीत दोन खोल्यांत अकरा जण राहायचो, तेव्हा त्याला गोकुळ म्हणायचो. त्यांचं झालं की ती राहणी!

पण तुमच्यावर चिडण्याचा हक्क मला कितपत आहे, हा प्रश्नच आहे. इथे आले तेव्हा लॅबमध्ये एका एमआरएसएला सगळे 'डब्ल्यूएसपीपी' म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात मीही म्हणू लागले. त्याचा पूर्ण अर्थ 'वेस्टर्न सामोअन फेज पॅटर्न'. फेज म्हणजे जंतूंना मारणारे विषाणू; कोणत्या फेजने मरतो त्यावरून जंतू ओळखायचे. १९९० च्या दशकात ऑकलंडमधल्या सामोअन रुग्णांत तो दिसला, म्हणून हे नाव. सामोआने १९९७ मध्ये आपल्या नावातलं 'वेस्टर्न' काढून टाकलं, पण जंतूच्या नावात ते राहिलंच. त्याची वंशावळ बघाल तर तो एसटी ३० या कुळातला; एसटी म्हणजे जनुकं बघून कुळाला दिलेला क्रमांक. याच कुळातला ८०/८१ नावाचा पेनिसिलिनला न जुमानणारा भाऊबंद १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियात ओळखला गेला आणि पुढे जगभरच्या इस्पितळांत धुमाकूळ घालून १९६० च्या दशकात, मेथिसिलिनसारखी औषधं आल्यावर, ओसरला. त्याला कोणी गोऱ्यांचा जंतू म्हटलं नाही. आकडाच दिला. मी हे सगळं वाचलं होतं, तरी डब्ल्यूएसपीपी म्हणत राहिले. सोपं पडायचं.

पुढे न्यूझीलंडमध्ये सगळ्यांत जास्त सापडू लागला तो एमआरएसए मात्र या कुळातला नव्हेच. त्याचं नाव एके ३, कूळ एसटी ५. या देशात सगळीकडून माणसं येतात, त्यांच्याबरोबर त्यांचे जंतूही येतात, त्यामुळे कुळं पुष्कळ. त्यातलं नेमकं कोणतं फोफावतं, ते आपण त्याला काय खाऊ घालतो त्यावर ठरतं. इथे आपण खाऊ घातलं फ्युसिडिक ॲसिड या अँटिबायोटिकचं मलम. खरचटलं, लाव. पुरळ आलं, लाव. इथल्या स्टॅफमध्ये या औषधाला दाद न देणाऱ्यांचं प्रमाण १९९९ मध्ये १७ टक्के होतं, २०१३ मध्ये २८ टक्के झालं. आणि एके ३ मध्ये मलम पचवणारा जनुक आणि मेथिसिलिन पचवणारा जनुक डीएनएच्या एकाच तुकड्यावर शेजारी शेजारी बसलेले. मलमाने एकाला निवडलं की दुसरा फुकटात निवडला जातो.

आता जे सांगायचं टाळत आले ते.

सांगलीहून येताना मी दर खेपेला याच मलमाच्या सहा ट्यूब आणायचे. औषधाच्या दुकानात चिठ्ठी कोण मागतं? शेजारी एक सामोअन आजी राहायच्या. त्यांची नातवंडं आणि माझा मुलगा दिवसभर एकाच अंगणात. त्या रविवारी नारळाच्या दुधातले पाव पाठवायच्या, पानी पोपो. नावातल्या 'पानी'ला आम्ही घरात दर वेळी हसायचो. एकदा त्यांच्या सहा वर्षांच्या नातीच्या मांडीवर केसतूड झालं. मी लॅबवाली, म्हणून मला दाखवायला आणलं. मी कपाटातून ट्यूब काढून दिली. दिवसातून तीनदा लावा म्हटलं. झाकून ठेवा, वाढलं तर लगेच डॉक्टरकडे न्या, हे बोलले का? आठवत नाही. म्हणजे नसेनच बोलले.

आठ दिवसांनी पोरगी तापाने फणफणली. इस्पितळात भूल देऊन पू काढावा लागला. ती बरी झाली, हे आधीच सांगते. घरी आल्यावर आजी रिपोर्ट घेऊन आल्या, वाचून दाखव म्हणाल्या. फ्लुक्लॉक्सासिलिनला, म्हणजे मेथिसिलिनच्या भावंडाला, दाद नाही. फ्युसिडिक ॲसिडला दाद नाही. कूळ कोणी तपासलं नव्हतं, पण या दोन ओळींवरून अंदाज बांधायला मला कोणाची गरज नव्हती. मी कागदाकडे बघत राहिले. आजींना वाटलं मला वाईट वाटतंय, म्हणून माझा हात धरून म्हणाल्या, "तू दिलेलं रोज लावलं हं. एकदाही चुकवलं नाही."

मी म्हटलं, आता सगळं ठीक होईल. बस. पुढे त्या घर बदलून गेल्या, तोवर मी त्यांना काही सांगितलं नाही.

माझी बाजूही मला ठाऊक आहे. पिकलेलं केसतूड कुठल्याच मलमाने बसत नाही, पू काढावाच लागतो. जंतू बहुधा आधीपासूनच तसा होता. माझ्या एका ट्यूबने देशाचे आकडे हलत नाहीत. हे सगळं खरं आहे. पण तेव्हाची मी हे ऐकून निवांत झोपली असती, आताच्या मला त्याने झोप येत नाही.

आणि नावाचं म्हणाल तर तेही सुटलेलं नाही. आपल्याकडच्या एसटी ७७२ ला जगात 'बेंगाल बे क्लोन' म्हणतात. एसटी २२ बरोबर तो मुंबईतही सापडल्याचं तिथल्या संशोधकांनी २०१० मध्ये छापलं. एका सहकाऱ्याने हसत विचारलं, "तुमच्याकडचा ना?" मी ताडकन म्हटलं, सांगली कुठे आणि बंगालचा उपसागर कुठे! नंतर जनुकं ताडून झाली आणि हे कूळ भारतीय उपखंडातच उपजलं असं दिसलं. म्हणजे नाव भूगोलाला धरून होतं. तरी लागलंच. गाव माहीत नसेल तर माग काढता येत नाही, आणि गाव लावलं की माणसाला डाग लागतो. यातलं काय सोडायचं? मी आता एसटी ३० म्हणते, आणि घाईत असले की अजूनही डब्ल्यूएसपीपी.

यंदा निघताना आईने बॅगेत चार ट्यूब घातल्या. मी काढून ठेवल्या. इथे येऊन बॅग उघडली तर साडीच्या घडीत दोन होत्याच. परवा मुलगा फुटबॉलमध्ये गुडघा सोलवटून आला. साबणपाण्याने धुतला, पट्टी बांधली. रात्री तो झोपल्यावर ड्रॉवर उघडला, बंद केला, परत उघडला.