वासोट्याला जायचं तर बाबुकड्यासाठी जा

सातारा जिल्ह्यातल्या वासोटा किल्ल्याहून परतलेल्या मंडळींशी बोललं की आधी शिवसागर जलाशयातली बोट, मग जंगल, मग चढ असं सगळं ऐकायला मिळतं. बाबुकडा शेवटी एका वाक्यात उरकतो. मला हे उलटं वाटतं. बोट सुंदर आहे आणि जंगल तर आहेच आहे, पण त्या गडावर माणसाला जागच्या जागी थांबवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे हा कडा. म्हणून सगळा दिवस कड्याभोवती कसा आखावा ते सांगतो.

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासवरून बामणोलीला जायचं, साधारण ३५ किलोमीटर. रस्ता वळणांचा आणि सकाळी धुक्याचा, त्यामुळे अंतराच्या मानाने वेळ जास्त लागतो. साताऱ्यात मुक्काम करून उजाडायच्या आधी निघा, नाहीतर आदल्या रात्री बामणोलीतच राहा. मी दुसरा पर्याय सुचवेन, कारण पहिल्या बोटींमध्ये बसलात तरच कड्यावर निवांत वेळ मिळतो. बोटीचं भाडं माणशी नसून अख्ख्या बोटीचं असतं. दोघंच असाल तर धक्क्यावर दुसरा गट शोधून एकत्र जा. ओळखपत्राच्या झेरॉक्स सगळ्यांच्या जवळ ठेवा, वनखात्याच्या परवानगीसाठी लागतात.

पाण्यावरचा प्रवास तास-दीड तासाचा. कोयना धरणाच्या या जलाशयाखाली गावं आणि शेतं गेली आहेत, हे आमच्याकडच्या प्रत्येक घराला ठाऊक असतं. मेट इंदवलीचा काठ आला की उतरायचं. तिथे वनखात्याची चौकी आहे, हॉटेल किंवा टपरी नाही. सोबतच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि पिशव्यांची मोजणी होते, अनामत घेतात आणि परतताना तेवढ्याच वस्तू दाखवाव्या लागतात. हा नियम मला मनापासून पटतो. डबा स्टीलचा न्या, मोजणीचा वेळही वाचतो.

चौकीपासून थोडं पुढे ओढ्याजवळ मारुती-गणपतीच्या मूर्ती आहेत. इथून चढ सुरू होतो. अर्ध्याहून अधिक वाट गर्द झाडीतली. उन्हाचे कवडसे सोडले तर आकाश दिसत नाही. हे कोयना अभयारण्य, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आणि २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीतलं पश्चिम घाटाचं जंगल. गवे आणि अस्वलं इथे खरोखर राहतात. गटापासून सुटू नका, वाटेवर गाणी लावू नका आणि अंगाला अत्तर-स्प्रे मारून येऊ नका, मधमाश्या चवताळतात. वर गेल्यावर एक फाटा लागतो. डावीकडची वाट नागेश्वरच्या गुहेकडे आणि उजवीकडची वासोट्याकडे. झाडी संपून कारवी आणि गवत सुरू झालं की ऊन एकदम अंगावर येतं. टोपी तेव्हाच घाला. ठीकठाक चालणाऱ्याला पायथ्यापासून माथा दोन-अडीच तासांचा.

गडावर शिरलं की बिनछपराचा मारुती. बहुतेक जण इथे बसून डबे सोडतात आणि मग पाय जड होतात. डबा नंतर उघडा. मारुतीपासून डावीकडची वाट धरा, जोडटाक्यांवरून झाडीतून ती थेट कड्याच्या धारेला आणून सोडते.

आणि समोर बाबुकडा. घोड्याच्या नालेसारखा आत वळलेला, सरळ कोकणात कोसळलेला काळा पाषाण. पलीकडे जुना वासोटा, म्हणजे शेजारचा डोंगर. मधली दरी इतकी खोल की तळाची झाडं हिरव्या ठिपक्यांएवढी दिसतात. कड्याकडे नुसतं भव्य म्हणून पाहू नका, त्याचे आडवे पट्टे मोजायचा प्रयत्न करा. प्रत्येक पट्टा म्हणजे लाव्ह्याचा एक थर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांमधून वाहत आलेला लाव्हा थरावर थर गोठत गेला. जिथे थर टणक, तिथे भिंत ताठ उभी. जिथे ठिसूळ, तिथे झीज होऊन अरुंद पायरी झाली आणि तिच्यावर गवताची रेघ उगवली. पावसाळ्याचं पाणी उभ्या भेगांत शिरतं, खालचा मऊ थर पोखरला जातो आणि वरचे चिरे निखळतात. कडा असा मागे मागे सरकतो आहे. हे कळलं की ती भिंत वाचता येते आणि तासभर कसा जातो समजत नाही.

कडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून सकाळी सावलीत असतो. दुपारी बाराच्या पुढे ऊन आत शिरायला लागलं की थर उठून दिसतात. फोटो तेव्हाच काढा. धारेवर वाळलेलं गवत निसरडं असतं आणि कठडा नाही, त्यामुळे पोटावर झोपून डोकावलेलं बरं. प्रतिध्वनीसाठी आरोळ्या ठोकायचा मोह अनेकांना होतो. कृपा करून टाळा. हे प्राण्यांचं घर आहे.

जुन्या वासोट्यावर जायचा विचारही नको, वाट राहिलेली नाही. नागेश्वरच्या नैसर्गिक गुहेतलं शिवलिंग पाहण्यासारखं आहे, महाशिवरात्रीला कोकणातून चोरवण्याच्या वाटेने लोक येतात. पण कडा आणि नागेश्वर एकाच दिवसात करायचं तर दोन्हीकडे धावपळ होते. मी निवड करायला सांगेन, आणि पहिल्या खेपेला कडाच.

इतिहासही आहे. शिवरायांनी याला व्याघ्रगड म्हटलं, पेशवाईत पंतप्रतिनिधींच्या बाजूच्या ताई तेलिणीने पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांशी इथे झुंज दिली. वाड्याचे अवशेष आणि चुना मळायचा घाणा परतताना वाटेत पाहून होते.

दोनच्या सुमारास उतरायला लागा. मुक्कामाला परवानगी नाही आणि काळोखाआधी सगळ्या बोटी परतायलाच हव्यात. माणशी तीन लिटर पाणी लागतं, टाक्यांच्या पाण्यावर विसंबू नका. पावसाळ्यात हा भाग बंद असतो, शिवाय जळवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगला काळ. त्यातही शनिवार-रविवार सोडून गेलात तर धारेवर बसायला जागा मिळेल आणि बोटीसाठी रांग लागणार नाही. निघण्याआधी बामणोलीला फोन करून जंगल खुलं आहे ना, एवढं विचारून घ्या.