आलं, वेलची, गवती आणि नुसता

वेलचीच्या चहाबद्दल माझ्या मनात काही आकस नाही, पण सकाळी उठल्या उठल्या कुणी वेलचीचा चहा हातात दिला की मला साखरपुड्याला आल्यासारखं वाटतं. वेलचीचा चहा हा पाहुण्यांचा चहा, ट्रेमधून येणारा, बरोबर चिवडा आणि "घ्या ना, घ्या ना" असणारा. रोजचा, पारोशा तोंडाने मोबाईल बघत प्यायचा चहा आल्याचाच. हे माझं मत आहे आणि माहेर सांगलीकडचं असल्यामुळे ते बदलायची शक्यता फारशी नाही.

सासर मात्र कट्टर वेलचीवालं. मूळ रत्नागिरीचे, दोन पिढ्या डोंबिवलीत, पण चहात वेलची सालासकट कुटून पडलीच पाहिजे आणि सणावाराला वर जायफळ. घरच्या बागेतलं जायफळ असल्यामुळे किसताना हात अजिबात आखडत नाहीत. दुपारी जेवून झोपलेला माणूस चारला जागं होण्यासाठी चहा मागतो आणि तुम्ही त्याला जायफळाचा चहा देता, यातलं लॉजिक मला लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी कळलेलं नाही. पण चव छान असते हेही खरं, आईंच्या हातचा तो चहा पिऊन मी स्वतः दोनदोन तास झोपलेली आहे.

आल्याचं एक शास्त्र आहे आणि ते मला माझ्या आजीकडून आलंय. आलं किसायचं नाही, ठेचायचं. किसलं की त्याचा चोथा होतो, चोथा गाळणीत बसतो, चहा थेंबथेंब गळत राहतो आणि आपण चमच्याने गाळणी ढवळत उभं राहायचं. खलबत्त्यात दोनचार ठोके द्यायचे, धागे सुटले की बास. मग ते गार पाण्यातच टाकायचं, पाण्याला सणसणीत उकळी येऊ द्यायची, मग साखर, मग पावडर, आणि दूध सगळ्यात शेवटी. घाईत कुणी दूध घातल्यावर आलं टाकलं की पातेल्यात चोथापाणी होतं आणि मग बिचाऱ्या दूधवाल्याच्या नावाने शिव्या. दूधवाल्याचा काही संबंध नसतो. कच्च्या आल्यात झिंजिबेन नावाचं एक एन्झाइम असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं, आणि आलं आधी चांगलं उकळलं की ते निकामी होतं. आजीला झिंजिबेन माहीत असायचं काही कारण नव्हतं पण क्रम पक्का माहीत होता. चीनमधे ग्वांगडाँगकडे म्हणे मुद्दाम हेच करतात, वाटीत आल्याचा रस घ्यायचा, वरून गरम गोड दूध ओतायचं आणि हलवायचं नाही, पाचदहा मिनिटांत ते थिजतं आणि लोक चमच्याने खातात. आपल्याकडे ज्याला नासलं म्हणून ओतून देतील त्याचं तिकडे डेझर्ट.

गवती चहा हा माझा दुसरा वीक पॉइंट, पण तो फक्त पावसाळ्यात. सांगलीच्या घरी मागच्या दारी मोरीचं पाणी जिथे जायचं तिथेच त्याचा ठोंब होता, बहुतेक सगळ्यांच्या घरी तिथेच असतो, मुद्दाम कुणी कुंडीत वगैरे लावत नसे. पात ओढायला गेलं की बोटाला बारीक चिरा पडायच्या आणि त्या चिरांना दिवसभर लिंबाचा वास. आजी तीनचार पाती घेऊन त्यांची गाठ मारायची आणि ती गाठ अख्खी पातेल्यात सोडायची, म्हणजे कात्रीने तुकडे करा, मग ते गाळा ही भानगडच नाही, उकळलं की चिमट्याने गाठ बाहेर. आता इथे भाजीवाली गवती चहात पुदिना घालूनच जुडी बांधते, तिला सांगितलं पुदिना नको तर म्हणते ताई शेजारच्या गुजराती बायका तसाच नेतात, राहू द्या, चटणी करा.

एक गंमत मला बऱ्याच उशिरा लक्षात आली. लिंबाच्या सालीला जो वास असतो त्यातला मोठा वाटा सिट्रल नावाच्या द्रव्याचा, आणि गवती चहाच्या तेलात तर मुख्य घटकच सिट्रल. पण लिंबू दुधाच्या चहात पिळून बघा काय होतं ते. गवती चहात लिंबाचा वास आहे आणि लिंबाचं आम्ल नाही, त्यामुळे दुधाच्या चहाला लिंबाचा स्वाद हवा असेल तर तो या गवताकडूनच घ्यावा लागतो. मोरीच्या पाण्यावर वाढलेलं गवत आणि काय हुशारी.

गुळाच्या चहाबद्दल थोडक्यात. आमच्याकडे लहानपणी गुळाचा चहा शेतावर, तोही बहुतेक वेळा कोरा, आणि पाहुणा आला की साखरेचा. साखर संपली म्हणून पाहुण्याला गुळाचा द्यावा लागला तर आजीचं तोंड दिवसभर उतरलेलं असायचं. आता हायवेवर दर दोन किलोमीटरला गुळाच्या चहाची पाटी आणि तो साध्या चहापेक्षा महाग. पितात लोक, पिऊ देत, फक्त गूळ गॅस बंद केल्यावर घाला, दुधाबरोबर उकळत ठेवलात तर पुन्हा तेच चोथापाणी.

वेलचीपुढे मी एकाच ठिकाणी शरण जाते आणि ते म्हणजे पुण्यातली जुनी अमृततुल्य. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी सुरू केलेली ती दुकानं, पितळी पातेलं, बत्त्यात वेलची-सुंठ कुटल्याचा आवाज, फडक्यातून गाळलेला दाट गोड चहा. तिथे वेलची शोभते कारण तिथे सगळंच जास्त असतं, दूध जास्त, साखर जास्त, उकळणं जास्त. तो चहा घरी करायला जाऊ नये. आणि हल्ली जे काचेच्या दाराआड अमृततुल्य नावाने काहीबाही निघालंय त्यात चॉकलेट चहासुद्धा मिळतो, त्याबद्दल मी बोलत नाही.

काढ्याने मात्र माझं एक नुकसान केलं. 2020 साली आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका असा काढा प्यायला सांगितला, आमच्या घरात त्याचं आईंनी व्रत केलं, सकाळ-संध्याकाळ वाटी पुढे यायचीच. तेव्हापासून चहात तुळस आली किंवा दालचिनी आली की माझी जीभ मागे सरते. त्याआधी मला मसाला चहा चालायचा, हिवाळ्यात आवडायचासुद्धा. आता नाही.

आणि एवढं पिऊनही 2021 च्या एप्रिलमधे आम्हाला सगळ्यांना एकापाठोपाठ कोविड झालाच. तापबिप किरकोळ होता, पण वास गेला. पूर्ण गेला, उदबत्ती नाकाला लावली तरी काही नाही. तेव्हा चहाबद्दल जे कळलं ते एरवी कळलं नसतं. जिभेला चहातलं गोड कळायचं, कडू कळायचं, आणि तुरटपणाने जीभ आवळल्यासारखी व्हायची, बास. वेलची घातलेला आणि न घातलेला चहा शेजारी ठेवले तरी फरक शून्य, कारण वेलची म्हणजे सगळा वासच. गवती चहाचंही तेच, माझ्या एवढ्या लाडक्या गवताचं नुसतं गरम पाणी झालेलं. पण आलं लागत होतं! वास नाही, पण घशात जी चुणचुण उतरते ती होती तशीच होती, कारण तिखटपणा काही नाकातून कळत नाही, त्याची नस वेगळी. त्या तीनचार आठवड्यांत घरातले वेलचीवाले एकेक करून माझ्याकडे आले. आई स्वतःहून म्हणाल्या, "अगो, आलं जरा जास्तच ठेच, काहीतरी प्यायल्यासारखं वाटूंदे." वास परत आल्यावर सगळे परत फिरले ती गोष्ट वेगळी, पण माझा पक्ष काही काळ सत्तेत होता याची नोंद असावी.

फ्लेवर्ड टीच्या खोक्यांचं काय करायचं हे मात्र मला समजत नाही. दिवाळीत ऑफिसातून एक येतं, त्यात बारा प्रकारच्या पिशव्या, पीच, स्ट्रॉबेरी, लिची, चॉकलेट मिंट. वास घेतला तर शाळेतल्या सेंटेड खोडरबराची आठवण होते आणि प्यायल्यावर तो वास तोंडात येतच नाही, म्हणजे पीच नाकापाशीच थांबतो आणि आत जातं ते कोमट पाणी. गोकर्णाच्या फुलांचा निळा चहा त्यापेक्षा बरा, त्याला चव काही नाही पण लिंबू पिळलं की जांभळा होतो, भाचरं आली की करमणूक होते.

पण सगळ्याच वासाच्या चहांना मी नावं ठेवणार नाही. मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा जास्मिन टी करायची चीनमधली जुनी पद्धत वाचून मी गार पडले होते. दुपारी कळ्या खुडायच्या, रात्री त्या उमलायला लागल्या की चहाच्या पानांत मिसळून ठेवायच्या, सकाळी कोमेजलेली फुलं चाळून काढायची, आणि चांगल्या प्रतीच्या चहाला हे पुन्हापुन्हा करायचं. चहाची वाळलेली पानं वास ओढून घेतात त्यामुळे हे जमतं. वाण्याच्या पिशवीत चहा पावडर आणि अंगाचा साबण शेजारी शेजारी घरी आले की पुढचा महिनाभर आपण साबणाचा चहा पितो, त्याचंही कारण हेच. अर्ल ग्रे मात्र मला झेपत नाही, त्यात बर्गमॉट नावाच्या इटलीतल्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल असतं, लोक फार कौतुक करतात, मला कपाला आफ्टरशेव्ह लावल्यासारखं वाटतं.

आता नुसता चहा. दीर सिलिगुडीला नोकरीला होता तेव्हा सुट्टीला येताना त्याने दार्जिलिंगच्या सेकंड फ्लशचं, म्हणजे मे-जूनमधल्या दुसऱ्या खुडणीच्या चहाचं, पाकीट आणलं. आपण घरी वापरतो ती दाणेदार सीटीसी, ममरी म्हणतात ती, दुधाला पुरून उरेल अशीच बनवलेली असते, यंत्रात चुरडून फाडून वळून. तिला उकळलंच पाहिजे. हा पानांचा चहा वेगळा, उकळतं पाणी ओतायचं, तीनचार मिनिटं झाकायचं, गाळायचं, दूध नाही, मी साखरही घालत नाही. दूध घातलं की त्यातलं केसिन नावाचं प्रथिन चहाच्या टॅनिनला धरतं आणि तुरटपणा दबतो, ममरीला ते हवंच असतं, पण या चहाची सगळी मजा त्या हलक्या तुरटपणात आणि वासात. आणि वास म्हणजे खरोखर पिकलेल्या द्राक्षाचा वास येतो, सांगलीच्या बाईला मार्चमधे द्राक्षाच्या बागेतून जाताना येतो तो, काही न घातलेल्या चहाला! घरात मात्र प्रतिक्रिया फार काही उत्साहवर्धक नव्हत्या. नवऱ्याने विचारलं, "पावडर टाकायची राहिली का?" आईंनी दोन घोट घेऊन कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "पाणी छान गरम आहे हो."

तो द्राक्षाचा वास कुठून येतो ते कळलं तेव्हा मी ते जेवताना सगळ्यांना सांगितलं आणि वादच झाला. मे-जूनच्या सुमाराला तिथल्या चहाच्या कोवळ्या पानांवर तुडतुडे येतात, रस शोषतात, झाड स्वतःच्या बचावासाठी काही सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि तीच पानं खुडून केलेल्या चहाला तो मस्कटेल म्हणतात तसला स्वाद येतो. तैवानमधेही एक ऊलाँग चहा असाच तुडतुड्यांच्या जिवावर होतो आणि चांगला महाग विकतात. आमचे सासरे हे ऐकून जेवायचे थांबले. रत्नागिरीची बाग असलेल्या माणसापुढे तुडतुड्याचं कौतुक करायला नको होतं, आंब्याचा मोहर काळा करून टाकणारा तो तुडतुडा, त्याच्यासाठी फवारणीवर दरवर्षी किती पैसे जातात याचा हिशोब त्यांना तोंडपाठ. "म्हणजे तिकडे कीड लागलेला पाला जास्त भावाने जातो?" मी म्हटलं हो बाबा, आणि भारतात पहिलं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनसुद्धा दार्जिलिंग चहालाच मिळालं, 2004 मधे. "आणि आम्ही हापूस डागी निघाला तर पेटीतून काढतो," असं म्हणून त्यांनी ताटातला भात संपवला, मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी माझ्यापुरतं पाणी ठेवत होते तर मागून आवाज आला, "त्या तुडतुड्यावाल्या चहातला मला पण अर्धा कप ठेव." ठेवला. त्यांनी शांतपणे दोन चमचे साखर घातली, फडताळातून वेलचीची पूड काढून चिमूटभर वरून टाकली, ढवळलं, प्यायले, आणि म्हणाले बरा आहे.